सेआरा डाउनविंडर, नोंद ३ : बोर्ड ठरला, फिन्स अजून नाहीत

काइटसर्फिंग करत वाऱ्यासोबत (डाउनविंड) लांबचा पल्ला गाठायच्या आमच्या सहलीचा मार्ग तोच आहे. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर, सेआरा राज्यात, कुंबुकोपासून जेरिकोआकोआरापर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास, रोज ४० ते ६०. तिथला व्यापारी वारा जुलै-ऑगस्टपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत टिकतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यात जोरात असतो. सकाळी नरम, दहा-अकरानंतर चढत दुपारी २० ते ३० नॉट. काइटचा प्रश्न मागच्या नोंदीत मिटला : ७५ ते ८० किलोच्या माणसाला ९ आणि ७ चौरस मीटरचे, मंद सकाळींसाठी गटात मिळून एक १०. या नोंदीत फक्त बोर्ड.

बोर्डाबद्दलच्या बहुतेक चर्चा 'अपविंड (वाऱ्याच्या विरुद्ध) किती जातो' आणि 'उडी किती लागते' यांवर अडकतात. या प्रवासात दोन्हींचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. इथे पाहायचं एवढंच, की काइटची ओढ कमी असताना बोर्ड पाण्यावर तरंगत पळत राहतो का, आणि तिसऱ्या तासाला, मांड्या भरून आल्यावर, तो चुका पोटात घालतो का.

ओढ कमी का होते, ते आकड्यांत बघा. वारा २५ नॉट आहे, तुम्ही वाऱ्याच्या दिशेपासून ३० अंश तिरके १४ नॉटने पळताय. काइटला जाणवणारा वारा उरतो सुमारे १५ नॉट. त्याच दिवशी त्याच काइटवर अपविंड गेलात तर हात उपटून निघतील, आणि डाउनविंड मात्र काइट सुस्त. म्हणून नेहमीचा १३४ सेंमीचा ट्विनटिप (दोन्ही टोकं सारखी, दोन्ही दिशांना चालणारा बोर्ड), जो एकाच जागी खेळताना, म्हणजे स्पॉटवर, मजेत चालतो, तो इथे लाटांमधल्या खोलगट भागात बुडतो. मग काइट सतत वरखाली फिरवत बसावं लागतं आणि दमछाक पायांची न होता खांद्यांची होते.

दुसरं गणित अंतराचं. सरळ वाऱ्यासोबत जाता येत नाही. गेलात तर दोऱ्या सैल पडतात आणि काइट पाण्यात बसतो. त्यामुळे नागमोडी जावं लागतं. ३० अंश तिरकं गेलं तर ५० किमीचे ५८ होतात, ४० अंशांना ६५. म्हणजे जो बोर्ड खोल कोनात, वाऱ्याच्या जवळजवळ सोबत, शांतपणे जातो तो रोजचे सात किलोमीटर वाचवतो. मोठ्या फिन्सचा (तळाला लावलेल्या पात्यांचा) ट्विनटिप नेमका इथे हट्टीपणा करतो. त्याची कड पाण्यात रुतते आणि तो वर तोंड करायला बघतो.

यादीतून आधी फॉइल (दांड्याच्या टोकाला पाण्याखाली पंख असलेला बोर्ड) गेला. कागदावर तो सगळ्यात चांगला : ओढ कमी लागते, काइट लहान चालतो, कोन खोल मिळतो. पण ७५ ते ९० सेंमीचा मास्ट, म्हणजे तो दांडा, खाली लटकत असताना या किनाऱ्यावर वाळूच्या पट्ट्या आहेत, नद्यांची तोंडं आहेत, आणि आकाराऊच्या बाजूला पाण्यात लाकडी खुंट रोवून केलेले मासेमारीचे कोंडवाडे आहेत. कोकणात डोल जाळ्यांचे खुंट बघितलेल्याला वेगळं सांगायला नको. भरतीला त्यांची फक्त टोकं दिसतात. भरती-ओहोटीतला फरक उधाणाला ३ मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे सकाळी जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे दुपारी पुळण असू शकते. २५ नॉटला फॉइल वाळूत अडकला की बोर्ड थांबतो, माणूस थांबत नाही.

उरले ट्विनटिप आणि डायरेक्शनल (सर्फबोर्डासारखा, एकाच दिशेने चालणारा; बाजू बदलताना त्यावर पाय बदलावे लागतात). इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला आम्हाला उशीर झाला, आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे : समुद्र कोणत्या हाताला आहे?

सेआराच्या किनाऱ्याने पश्चिमेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो. कुंबुको ते पाराकुरू या भागात वारा किंचित किनाऱ्याकडे येतो. किनाऱ्याला समांतर राहायचं तर जास्त वेळ समुद्राच्या अंगानेच बोर्ड धरावा लागतो, म्हणजे उजवा पाय पुढे. भार मागच्या पायावर, डाव्या मांडीवर. किनाऱ्याकडे लाट घेत येताना डावा पाय पुढे येतो, पण तो तुकडा छोटा असतो. आता ज्याची सवय डावा पाय पुढे ठेवायची आहे, त्याला डायरेक्शनलवर लाटा अगदी मनासारख्या मिळतील, पण लांबचा पल्ला एकतर उलट्या पायांनी किंवा बोटांच्या कडेवर काढावा लागेल. बोटांच्या कडेवर वीस मिनिटं ठीक. दोन तासांनी पोटरी गोळा होते. ट्विनटिपवर हा प्रश्नच नाही, दोन्ही बाजू सारख्याच.

म्हणून निर्णय असा : ज्यांना पाय बदलता येतात, तेही चॉपमध्ये (वाऱ्याने उठलेल्या आखूड, तुटक लाटांत), दहातले आठ वेळा न पडता, त्यांनी बिनस्ट्रॅपचा (पाय अडकवायचे पट्टे नसलेला) डायरेक्शनल घ्यावा. बाकीच्यांनी मोठा ट्विनटिप. स्ट्रॅपवाला डायरेक्शनल बाद, कारण त्यात दोन्हींचे तोटे येतात. पाय जागचे हलत नाहीत आणि बाजू बदलताना मागचा स्ट्रॅप पायात घोटाळा करतो. ज्यांना लाटांवरून उडायचं आहे त्यांचं मत वेगळं असेल, पण ती वेगळी सहल.

मापं, पाठीवरच्या पिशवीचं वजन धरून (दोन लिटर पाणी, पंप नाही, एकूण ४-५ किलो) :

ट्विनटिप (लांबी × रुंदी, सेंमीत) : ६५ किलोला १३६ × ४०, ७५ ते ८० ला १४० × ४२, नव्वदीपुढे १४४ × ४३-४४. म्हणजे नेहमीपेक्षा एक माप वर, दोन नाही. १५० च्या पुढचे रुंद 'दारं' मंद वाऱ्यासाठी असतात. त्यांचा रॉकर (टोकांकडे वर उचललेला बाक) सपाट असतो आणि २५ नॉटच्या चॉपमध्ये ते गुडघ्यांवर थापा मारतात.

डायरेक्शनल : ६५ किलोला ५ फूट ५ इंच आणि २३ लिटर, ७५ ते ८० ला ५ फूट ९ ते १० इंच आणि २६-२७ लिटर, नव्वदीपुढे ६ फूट आणि ३० लिटर. लांबीपेक्षा लिटर बघा. एकाच लांबीच्या दोन बोर्डांत चार लिटरचा फरक सहज निघतो, आणि वारा पडल्यावर किनाऱ्यापर्यंत रखडत यायला तेच चार लिटर कामाला येतात.

रॉकर घरी मोजता येतो. ट्विनटिपच्या फिन्स काढा, बोर्ड फरशीवर पोटावर ठेवा, मधोमध हलका हात ठेवून दोन्ही टोकांखालची फट पट्टीने मोजा. साडेतीन सेंमीच्या खाली असेल तर तो सपाट पाण्याचा बोर्ड. पाचच्या आसपास असेल तर लाटेत नाक बुडणार नाही, पण प्लेनिंग (पाण्यावर तरंगत पळू लागणं) जरा उशिरा. आम्ही साडेचार धरलाय. लवचीकपणाही तसाच बघायचा : दोन्ही टोकं दोन विटांवर, मध्ये एका पायाने दाबायचं, आणि शेजारी ओळखीचा बोर्ड ठेवून तुलना करायची. कडक कार्बनचा बोर्ड हातात घेतल्यावर मोहात पाडतो. पण चॉपचा प्रत्येक धक्का तो जसाच्या तसा घोट्यात पोचवतो. लाकडी गाभ्याचा, टोकांना लवणारा बोर्ड घ्या, वजन तीनशे ग्रॅम जास्त असलं तरी.

स्ट्रॅप आणि पॅडवर आम्ही बोर्डाइतकाच वेळ घालवला, आणि तो योग्य होता. स्पॉटवर घट्ट स्ट्रॅप बरा वाटतो. तासाभराने बोटं बधिर होतात. पाय आत घातल्यावर बोटं स्ट्रॅपच्या पुढे २-३ सेंमी दिसली पाहिजेत आणि टाच थोडी उचलता आली पाहिजे. दोन पायांतलं अंतर खांद्यांएवढं, बोर्डावरच्या भोकांपैकी मधली जोडी. रुंद ठेवलं तर स्थिर वाटतं, पण गुडघे आत वळतात. ओल्या स्ट्रॅपखाली वाळूचा एक कण राहिला तरी दुसऱ्या दिवशी पायाच्या वरच्या बाजूला फोड येतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर स्ट्रॅप पाण्यात खळबळून घ्यायचे आणि निघताना पायाला व्हॅसलिन.

बिनस्ट्रॅपवाल्यांसाठी मेण. पाणी २७-२८ अंशांचं, वाळू त्याहून तापलेली. थंड पाण्याचं मऊ मेण बग्गीत (वाळूवर चालणाऱ्या गाडीत) ठेवलेल्या बोर्डावरून अक्षरशः ओघळतं. उष्ण पाण्याचंच घ्या, खाली बेस कोट द्या, आणि बोर्ड थांब्यावर पालथा, म्हणजे मेणाची बाजू सावलीत. पुढच्या भागातही पॅड असलेला बोर्ड मिळाला तर ही कटकट संपते.

बोर्डाला लीश (बोर्ड माणसाला बांधून ठेवणारी दोरी) नाही, कुणाच्याही नाही. सुटलेला बोर्ड लीशने ताणून परत येतो तो डोक्यावरच. वारा किनाऱ्याकडे असल्याने बोर्ड शेवटी पुळणीवर लागतो, पण पालथा तरंगणारा काळा ट्विनटिप पन्नास मीटरवरून दिसत नाही. तळाला नारिंगी किंवा पिवळी व्हिनाइल पट्टी, किमान हाताच्या पंजाएवढी रुंद. पांढरी नको, फेसात हरवते.

आता बांधणी, डायरेक्शनलची. ईपीएस (थर्माकोलसारख्या) फोमचे हलके बोर्ड इथे जास्त दिसतात. त्यांना चीर गेली की ते स्पंजासारखं पाणी पितात आणि संध्याकाळी बोर्ड अर्धा किलो जड लागतो. चीर दिसली की त्या दिवसापुरती ॲल्युमिनियम टेप. रात्री भेग खाली करून पाणी निथळू द्यायचं. सकाळी उन्हात सुकणारा रेझिन. पण डबीवर बघा : पॉलिएस्टर रेझिन ईपीएसला लागला की फोम विरघळतो आणि नखाएवढ्या भेगेची मुठीएवढी पोकळी होते. एपॉक्सीचाच हवा. काही बोर्डांना हवेचा स्क्रू असतो. विमानात उघडा, पाण्यात बंद. तो पाण्यात उघडा राहिला तर भेगेची गरजच नाही.

पेसेमच्या बंदराचा लांब जेटीपूल पहिल्याच दिवशी आडवा येतो. काइट हवेत असताना त्याखालून जाता येत नाही. तिथे काइट उतरवून बग्गीने पुढे जायचं ठरलंय, आणि म्हणून बग्गीवर बोर्ड कसे बांधायचे हेही ठरवावं लागलं : फिन्स वर, पट्टा फिनच्या पुढून, बोर्डांच्या मध्ये ओले टॉवेल नाहीत. ओल्या टॉवेलला वाळू चिकटते आणि चाळीस मिनिटांत कड घासली जाते.

सरावाबद्दल एक चांगली बातमी. गोव्यात हरमलहून मांद्रे, आश्वेमार्गे मोरजीपर्यंत आठेक किलोमीटर दक्षिणेकडे गेलात तर समुद्र उजव्याच हाताला असतो आणि फेब्रुवारी ते मेमधला दुपारचा वायव्येचा वारा किंचित किनाऱ्याकडेच असतो. अगदी सेआरासारखं : उजवा पाय पुढे, डाव्या मांडीवर भार. वारा मात्र बहुधा १० ते १५ नॉट, म्हणून १२ चा काइट लागतो आणि बोर्डाचं माप तिथे तपासता येत नाही. १४० चा बोर्ड गोव्यात लहान वाटला म्हणून १५० मागवू नका. स्ट्रॅपची जागा, पायांचा कोन, पाय बदलणं, एवढं तिथे पक्कं होतं. शापोराच्या तोंडाआधी बाहेर पडायचं. सुकतीला तिथली ओढ समुद्राकडे नेते.

बाकी राहिलेल्या फिन्स. ट्विनटिपला ४ सेंमीच्या ठरताहेत, सोबतच्या ५ च्या घरी ठेवून. डायरेक्शनलला तीन की चार, यावर एकमत नाही. चार फिन्सचा बोर्ड सरळ जास्त पळतो, तीनचा वळताना विश्वासू. उथळ पाण्यात मधली फिन आधी आपटते, म्हणून माझं मत चारला. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं, की फार पळणारा बोर्ड लाटेवरून उतरताना काइटला गाठतो आणि दोऱ्या सैल होतात, आणि ते खोटं नाही. दोन्ही संच घेऊन हरमल-मोरजी एकेकदा करून बघायचं आहे.

स्क्रूंचा हिशेब : एम६, १६ मिमी, ३१६ दर्जाचं स्टेनलेस, प्रत्येक ट्विनटिपमागे सहा जादा. लांबी आधी जुन्या स्क्रूशी ताडून बघा; दोन मिलिमीटर लांब असेल तर तो भोकाच्या तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि फिन डुगडुगत राहते. आट्यांवर नळाच्या कामाची टेफ्लॉन टेप, एकच वेढा. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, हाताच्या ताकदीने पाव फेरा तपासायचा, त्याहून जास्त पिळायचं नाही, नाहीतर आतला इन्सर्ट (बोर्डात बसवलेला आट्यांचा तुकडा) फिरतो आणि मग तो बोर्ड भिंतीवर टांगायचा. स्क्रू तपासणारा प्रत्येक दिवशी वेगळा माणूस, स्वतःचा बोर्ड सोडून.