निवटीच्या बिळाखालचा गाळ

१९९७च्या डिसेंबरातली अमावास्या होती. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, म्हणून मुद्दाम तो दिवस धरला होता. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून होडी निघाली ती ऐरोलीच्या अंगाला उघड्या पडलेल्या चिखलाकडे. होडीवाले मामा साठीच्या पुढचे. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, ठाणे खाडीच्या गाळात पारा किती साठलाय ते मोजायला निघालेली. सोबत मीटरभर लांबीचे पीव्हीसीचे पाइप, रबरी बुचं, दोरखंड आणि पत्र्याचा एक लांबट तुकडा.

"बाय, चिखलात उभी नको राहू. पाय चालता ठेव," मामा म्हणाले. मी उभी राहिले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांनीच हात देऊन ओढलं.

काम सोपं आहे. पाइप चिखलात सरळ खुपसायचा, वरचं तोंड बुचाने घट्ट बंद करायचं आणि दोरीने उपसायचा. हवा आत शिरत नाही, म्हणून गाळ पाइपातच अडकून वर येतो. मग तो पत्र्यावर हलकेच सरकवायचा. पहिला पाइप सरकवला तेव्हा मी बघतच राहिले. सगळ्यात वर बोटभर तपकिरी साय. तिच्याखाली काळाकुट्ट, सडक्या अंड्यांच्या वासाचा लगदा. आणि तळाला करडी, घट्ट, जवळजवळ बिनवासाची चिकणमाती. मामांनी ती करडी माती अंगठ्याने दाबून पाहिली. "आमी पोरं होतो तवा वरती हीच होती," म्हणाले.

त्यांचं म्हणणं मला प्रयोगशाळेत तपासायचं होतं. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकापासून तिथे रंग, औषधं, कीटकनाशकं, पेट्रोरसायनं यांचे कारखाने उभे राहत गेले. कल्याण-अंबरनाथकडे उल्हास नदीच्या काठीही तेच. त्या काळी कॉस्टिक सोडा करायचा तर मिठाच्या पाण्यात वीज सोडत आणि विजेचं एक टोक म्हणून पाऱ्याचा वाहता थर वापरत. थोडा थोडा पारा धुण्याच्या पाण्यातून आणि मिठाच्या गाळातून बाहेर जातच राही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी १९८१मध्येच ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर लिहिलं होतं. मी शोधत होते ती नवी गोष्ट नव्हती.

पाण्याचा नमुना त्या दिवसापुरतं बोलतो. पुढच्या भरतीला ते पाणी निघून जातं. पारा मात्र बारीक मातीच्या कणांना चिकटतो, कणांसोबत तळाला बसतो आणि त्यावर पुढच्या वर्षाचा गाळ येतो. म्हणून पाइपातला गाळ दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्यांत कापायचा आणि प्रत्येक चकतीचं वय काढायचं. त्यासाठी शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं कामी येतं. हवेतल्या रेडॉन वायूपासून ते बनतं, पावसासोबत खाली येतं आणि साधारण २२ वर्षांत निम्मं उरतं. त्यावरून मागची शंभरेक वर्षं मोजता येतात.

पहिल्या पाइपाचं मी वाटोळं केलं. चकत्या लवकर वाळाव्यात म्हणून ११० अंशांवर भट्टीत ठेवल्या. पारा उष्णतेने उडतो हे पुस्तकात वाचलं होतं, हाताला माहीत नव्हतं. सर काही बोलले नाहीत, फक्त भट्टी बंद केली. त्या पाइपातली वर्षं गेली ती गेलीच, नवा पाइप काढायला पुढच्या अमावास्येपर्यंत थांबावं लागलं. तेव्हापासून मी गाळ सावलीतच वाळवते.

दुसरी अडचण निवटीची, म्हणजे चिखलावर सरपटणाऱ्या छोट्या मासळीची. निवटी चिखलात खोल बीळ करते, खालची माती वर आणते, वरची खाली ढकलते. खेकडेही तेच करतात. त्यामुळे थरांच्या कडा पुसट होतात. मामा त्याच बिळात कोपरापर्यंत हात घालून निवट्या काढत आणि कमरेच्या टोपलीत टाकत. मी माझ्या दिनदर्शिकेची मोडतोड बघत होते, ते संध्याकाळचं कालवण.

जानेवारीतल्या पाइपाने मामांना दुजोरा दिला. तळाच्या करड्या मातीत पारा जेमतेम कळण्याइतका. काळ्या थरात चढत गेलेला. अगदी वरच्या चकत्यांत थोडा उतरलेला. वर उतरला म्हणजे खाडी सुधारली, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. तो कुठे गेलेला नाही, हातभर खाली आहे. काळ्या गाळात गंधकाशी बांधला गेला तर बराचसा गप्प पडून राहतो. पण त्याच बिनहवेच्या गाळातले जिवाणू त्यातल्या काहीचा मिथिल-पारा, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात, आणि तो माशांच्या मांसात साठत जातो. गाळ उपसला, ढवळला की हा सगळा हिशेब पुन्हा उघडतो.

जपानच्या मिनामाता उपसागरात हे सगळ्यांसमोर घडलं. तिथे कारखान्यातूनच मिथिल-पारा येत होता, म्हणून घाव भयंकर होता. १९३२पासून सांडपाणी, १ मे १९५६ला पाऱ्याच्या विषबाधेच्या आजाराची अधिकृत नोंद, आणि सांडपाण्यातला पारा थांबला १९६८मध्ये. त्यानंतरही गाळ तिथेच होता. २५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत २५ भाग) जास्त पाऱ्याचा गाळ १९७७ ते १९९० अशी १३ वर्षं उपसून, बांध घालून गाडला. त्यावर ५८ हेक्टर जमीन तयार झाली. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडाला लावलेलं जाळं १९९७मध्ये निघालं. म्हणजे मी चिखलात रुतले त्याच वर्षी.

आपल्या खाडीत आता पूल आहेत, खांबांसाठी खोदाई होते, जेट्टीसाठी गाळ काढतात. ठाणे खाडी २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, रोहित पक्षी त्याच चिखलात चोच बुडवून चरतात. काढलेला गाळ थराथराने तपासला का आणि तो कुठे टाकला, हे दर कामाच्या वेळी विचारलंच पाहिजे. नुसता वरचा मूठभर चिखल तपासून चालत नाही.

त्या दिवशी परतताना मामांनी विचारलं होतं, "मंग निवटी खायाची का नाय?" मी म्हटलं, रिपोर्ट येऊ दे. रिपोर्ट आला, बांधला, विद्यापीठात दिला, गुण मिळाले. कोळीवाड्यात मी परत गेले नाही. ही गोष्ट मला अजून टोचते. मामा आता नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याच बाजूला गेले. आम्ही उभे होतो त्या जागी आता तिवरांचं दाट रान आहे, आम्हाला बरंच बाहेरच्या अंगाला पाइप खुपसावा लागला. येताना मामांच्या सुनेकडे थांबले. ती बाजारात मासळी विकते. तिच्याकडून निवट्याही घेतल्या, तपासायला. तिला सांगितलं, या वेळी आकडे आधी इथे येतील, मग कॉलेजात.

"कधी कळंल?" तिने विचारलं.

चकत्या खिडकीजवळ कागदावर मांडल्या आहेत. सावलीत वाळायला तीन आठवडे तरी लागतील.