सोमवारी खणखणीत, गुरुवारी बसलेला

रामबागेतून आलेल्या त्या बाई तिसरीच्या वर्गशिक्षिका. "सोमवारी आवाज ठीक असतो, गुरुवारपर्यंत पार बसतो," त्या म्हणाल्या, आणि माझा अर्धा अंदाज तिथेच झाला. सुट्टीत सुधारणारा आवाज बहुधा वापराने बिघडलेला असतो.

स्ट्रोबोस्कोपीत, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची हालचाल संथ दाखवणाऱ्या कॅमेरा-तपासणीत, दोन्ही स्वरतंतूंवर, पुढच्या एक तृतीयांशाच्या टोकाशी, समोरासमोर बारीक पांढरट गाठी दिसल्या. स्वरतंतू मिटताना गाठी आधी टेकत आणि त्यांच्या पुढेमागे फट राहून हवा निसटत होती. बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आदळतात. तासाभरात निम्मा वेळ जरी आवाज निघाला, तरी साडेतीन लाखांवर धडका झाल्या. पंखे, रस्त्यावरचे हॉर्न आणि मुलांचा गलका यांवर आवाज चढवला की हीच धडक जोरात बसते.

घसा जपायचा म्हणून त्या घरी कुजबुजत बोलायच्या. कॅमेऱ्यासमोर कुजबुजायला लावलं, तर स्वरतंतूंच्या वरचा भागही आवळला जात होता. कुजबुज तिथल्या तिथे बंद केली.

"ऑपरेशन करावं लागेल का हो, मॅडम?" नाही. अशा गाठींना आधी व्हॉइस थेरपीच, म्हणजे आवाज वापरण्याची पद्धत बदलणारे व्यायाम आणि सवयी. बोलण्याची पद्धत तीच राहिली तर काढलेली गाठ परत येते.

पहिला व्यायाम: अर्धा ग्लास पाणी, त्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडालेली स्ट्रॉ, आणि तिच्यातून हलका "ऊ". बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मध्येच तुटले तर श्वास सम नाही. गळ्याच्या शिरा ताणल्या तर स्ट्रॉ थोडी वर घ्यायची. पाण्याच्या उलट दाबामुळे स्वरतंतू हलके टेकतात, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा, दोन-तीन मिनिटंच. घसा खाकरण्याऐवजी घोटभर पाणी. मेंथॉलच्या गोळ्या बंद, कारण त्यांच्या थंडाव्यात ताण जाणवत नाही. सकाळी आंबट ढेकर येत होते, म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तास.

खरा फरक माइकने पडला. कंबरेचा छोटा स्पीकर, माइक ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटांवर. स्पीकरचं तोंड माइककडे वळलं की शिट्टी वाजते. फळ्याकडे तोंड असताना बोलायचं नाही, वर्ग शांत करायला टाळी. शाळेने माइकचा खर्च नाकारला, तो बाईंनी स्वतः केला. हे मला अजिबात पटत नाही. खडू-डस्टर जसं शाळा देते, तसाच माइकही द्यायला हवा.

पुढच्या तपासणीत गाठी बऱ्याच सपाट झाल्या होत्या. त्या वेळी शेजारच्या वर्गातल्या बाई सोबत आल्या होत्या. आवाज महिन्याहून अधिक घोगरा, आणि त्या गरम पाण्याच्या गुळण्यांवर थांबल्या होत्या. तीन आठवडे उलटले की घशात कॅमेरा घालून पाहायलाच हवं, म्हणून त्यांनाही त्याच दिवशी खुर्चीत बसवलं.