हळदीची गाणी एका दमात

भाचीचं लग्न निपाणीत, मुलाकडचे गोकाकचे. हळदीला मराठी आणि कन्नड दोन्ही गाणी हवीत आणि मधे कुठे नाच थांबता कामा नये, अशी ताईची अट. साउंडवाल्याच्या हातात पेन ड्राइव्ह दिला की आपण मोकळे, असं तिचं म्हणणं. म्हणजे सगळी गाणी एका लयीत आणून एकच फाइल करणं माझ्याकडे आलं.

गाणी कापायला-जोडायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. प्रत्येक गाण्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, आधी काढून ठेवला. हे काम मिक्सक्स हे डीजेंचं सॉफ्टवेअर आपोआप करतं, पण ते कधी दुप्पट तर कधी निम्मा आकडा दाखवतं. 140 दिसलं तरी पायाने ठेका धरून बघावं, 70 असू शकतो. मग ऑडॅसिटीतल्या ‘चेंज टेम्पो’मध्ये 112 चं गाणं 120 वर नेलं, म्हणजे साधारण सात टक्के. यात पट्टी बदलत नाही. शेजारचाच ‘चेंज स्पीड अँड पिच’ वापरला तर लयीबरोबर पट्टीही चढते आणि गायिकेचा आवाज बारीक होतो. दहा टक्क्यांच्या वर ताणलं की ढोलकीची थाप पसरट लागते, म्हणून फार संथ गाणी यादीतून काढलीच.

आकड्यात अर्ध्याचाही फरक चालत नाही. 100 आणि 100.5 ची गाणी एकत्र सोडली तर मिनिटभरात अर्धा ठोका पुढे-मागे होतात, आणि दोन ढोलक्या भांडायला लागतात. जुन्या गाण्यांचं आणखी अवघड. ती माणसांनी वाजवलेली, कडव्यात लय हळूच चढते. तिथे सगळं गाणं न ताणता फक्त जोडाजवळचा तुकडा जुळवला.

खरं काम समेचं, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेचं. लय जुळली तरी एकाची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर पडली तर नाचणारा अडखळतोच. लाटांचं चित्र मोठं करून सम शोधायची, तिथे कापायचं; कापण्याआधी ‘झेड’ दाबलं की कट शून्यरेषेवर सरकतो आणि ‘टक्’ असा आवाज येत नाही. 120 च्या लयीत सोळा ठोके म्हणजे आठ सेकंद, तेवढ्यात एक गाणं उतरवायचं आणि दुसरं चढवायचं. तेवढ्यापुरता उतरत्या गाण्याचा खर्ज हाय-पास फिल्टरने काढला, नाहीतर नुसता गडगडाट.

मुलाकडून आलेलं एक लोकगीत मात्र दादऱ्यात निघालं. सहा मात्रांचं, आणि आमची सगळी केरव्यात, आठाची. वेग कितीही जुळवा, ते एकमेकांवर बसणारच नाही. ताई म्हणाली, “मग काढून टाक की ते.” कसं काढणार, नवऱ्या मुलाच्या आजीची फर्माईश! गावातल्या हलगीवाल्याकडून मोबाइलवर नुसती कडकडाटाची हलगी घेतली, ठेका नसलेली. ती मधे टाकली, शेवटची थाप पडली की थेट दादरा सुरू.

जोडकाम डब्ल्यूएव्हीमध्येच, म्हणजे आवाज न दाबलेल्या फाइलमध्येच ठेवलं. एमपीथ्रीच्या सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते, ती जोडात ठेच लावते. शेवटी एकदाच एमपीथ्री केली.

हळदीनंतर मुलाच्या मामांनी फाइल मागून घेतली. वरातीसाठी हीच 135 वर करून द्या म्हणतात. ढोलकी एवढी ताणायची नाही, मुळातच जलद असलेली गाणी पाठवा, असं सांगितलंय.