आत्याला न सांगितलेली गोष्ट

आत्याबरोबर दक्षिण फ्रान्सची सहल. अविन्योंचा पोपचा राजवाडा बघून झाला, नदीत अर्ध्यावरच संपणारा तो पूलही झाला. मार्सेयला दोन दिवस होतो: बंदर देखणं, खोली महाग, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. आत्या एकदाही कुरकुरली नाही, मीच कुरकुरले. लिहायचंय ते नियोंसच्या गुरुवारच्या बाजाराबद्दल.

नियोंस म्हणजे ऑलिव्हचं गाव. इथल्या तांश जातीच्या काळ्या, सुरकुतलेल्या ऑलिव्हना १९९४ साली फ्रान्सचं भौगोलिक मानांकन मिळालं. ताजं ऑलिव्ह कडूजहर. मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरलं की मग तोंडात घालण्यासारखं होतं. एका ठेल्यावरच्या आजोबांनी पावाच्या कापावर काळंभोर, तेलकट काहीतरी फासून आत्यापुढे धरलं. आत्या पक्की शाकाहारी. गुरुवारी एरवी उपवास, पण प्रवासात तो माफ, हे तिने पुण्यातच जाहीर केलं होतं. तिने खाल्लं, डोळे मिटले.

"अगं, ही तर आपली कारळ्याची चटणी!"

दुसरा काप. मग मी चाखलं. मी मासे खाणारी. जिभेला लगेच कळलं. आजोबांना हळूच विचारलं, "आंशोवा?" ते खूश होऊन म्हणाले, "वी, वी!" अँचोव्ही. खारवलेले बारके मासे. ऑलिव्ह, केपर, अँचोव्ही आणि ऑलिव्ह तेल कुटलं की झालं टापेनाद. नाव तर ऑलिव्हचं नाहीच. इथल्या जुन्या प्रोव्हान्साल बोलीत 'तापेनो' म्हणजे केपर, झुडपाच्या खारवलेल्या कळ्या. १८८० साली मार्सेयच्या एका शेफने हे बनवलं म्हणतात, आणि त्यात ट्यूनाही घातला होता! ऑलिव्ह नि केपर कुटून खाणं मात्र त्याच्या कितीतरी आधीचं.

आत्या तिसरा काप मागत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. खाल्लेलं काही परत येणार नव्हतं. पण तिने बरणी विकत घेतली तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तेव्हाही नाही बोलले. आजोबा खुणांनी सांगत होते: उकडलेल्या अंड्यावर, टोमॅटोत भरून, कोंबडीच्या कातडीखाली. अंडं-कोंबडीला आत्याने नाक मुरडलं, टोमॅटो मात्र लक्षात ठेवला. उरलेले चार दिवस ती बरणी आमच्या जेवणात होती. दहीभातावरसुद्धा. मी बरणीवरच्या चिठ्ठीची बाजू भिंतीकडे फिरवून ठेवायचे.

पुण्यात आल्यावर तिची फर्माईश आली. मी बाटलीतली काळी ऑलिव्ह आणली, केपर दुप्पट घातले, लसूण, लिंबू, चांगलं तेल. मासे अर्थातच नाहीत. पाट्यावर वाटलं, मिक्सर नाही.

आत्याने भाकरीबरोबर खाल्लं, जरा थांबली.

"बरी झालीय गं. पण त्या आजोबांच्या हाताला काय चव होती!"