कट केल्यावर फाइल कुठे असते?

फाइल निवडून कंट्रोल-एक्स दाबलं की तिचा आयकॉन फिका पडतो, आणि नवशिक्या माणसाचा जीव थोडा वरखाली होतो. जुन्या फोल्डरातून काढली, नव्यात अजून टाकली नाही. मधल्या वेळात वीज गेली तर? काही बिघडत नाही. फाइल होती तिथेच आहे, तिचा एक बाइटही हललेला नाही. विंडोजने फक्त क्लिपबोर्डवर, म्हणजे आपल्या तात्पुरत्या टिपणवहीत, टिपून ठेवलंय की अमक्या फोल्डरातली तमकी फाइल हलवायची आहे. विचार बदलला तर एस्केप दाबावं, फिकेपणा जातो आणि मामला मिटतो.

ही धास्ती मजकुरातल्या कटने लावून दिलेली आहे. लिहिता लिहिता एखादं वाक्य कट केलं की ते पानावरून त्याच क्षणी नाहीसं होतं. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाच्या एडिटरमध्ये कट-कॉपी-पेस्ट बसवलं ते मजकुरासाठीच. तीच बटणं पुढे फाइलींनाही मिळाली, पण वागणं बदललं. मॅकने तर फाइंडरमध्ये, म्हणजे फाइली पाहायच्या त्याच्या खिडकीत, फाइल कट करण्याची सोयच ठेवलेली नाही. तिथे आधी कमांड-सी करायचं, आणि नव्या जागी पोहोचल्यावर कमांड-ऑप्शन-व्ही. नक्कल हवी की फाइलच हलवायची, ते मुक्कामाला गेल्यावर ठरवायचं. विंडोजची सवय असलेले यावर चिडतात. मला मात्र ही रीत जास्त प्रामाणिक वाटते.

कॉपीचंही तेच. कंट्रोल-सी दाबल्यावर फाइलच्या आतलं काहीही कुठे साठवलं जात नाही. दोन जीबीचा व्हिडिओ असो की दोन ओळींची चिठ्ठी, क्लिपबोर्डवर जातो तो पत्ता. त्यामुळे कॉपी करून झाल्यावर मूळ फाइल उघडली, त्यात चार ओळी बदलल्या, सेव्ह केली आणि मग पेस्ट केलं, तर बदललेली फाइल उतरते. ‘आधीची’ आवृत्ती जपून ठेवली या भरवशावर बसलेला माणूस इथे फसतो. पेनड्राइव्हवरची फाइल कॉपी केली आणि पेस्ट करण्याआधीच पेनड्राइव्ह उपसला, तर पेस्टच्या हाती काही लागत नाही. घाम गाळते ती पेस्ट.

तीही नेहमीच गाळते असं नाही. ४० जीबीचं फोल्डर त्याच ड्राइव्हवर दुसरीकडे हलवा, पापणी लवायच्या आत काम होतं. कारण डिस्कवरचा मजकूर जागचा हलतच नाही. घर तिथेच राहतं, पाटी बदलते. या फोल्डरच्या यादीतली नोंद काढून त्या फोल्डरच्या यादीत घातली, झालं. तेच फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचं म्हटलं की सगळेच्या सगळे ४० जीबी वाचायचे, तिकडे लिहायचे आणि मग मूळ पुसायचं. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन तुकडे असले, तरी संगणकाच्या लेखी ती दोन गावं आहेत.

म्हणून दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना कट वापरूच नये, या मतावर मी ठाम आहे. फोल्डर हलवताना एकेक फाइल पोहोचते तसतशी इकडची पुसली जाते. मध्येच केबल हलली की अर्ध्या फाइली इकडे, अर्ध्या तिकडे, आणि कुठली कुठे याचा हिशेब तुमच्या माथी. शिवाय जी फाइल लिहिता लिहिता काम तुटलं तिची अर्धवट नक्कल कधीकधी पूर्ण आकाराची दिसते, कारण जागा आधीच राखून ठेवलेली असते. कॉपी करा, तपासा, मग मूळ पुसा. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ द्यावीत.

माउसने ओढून टाकण्याचे नियमही याच भेदावर बेतलेले आहेत आणि ते बहुतेकांना कुणी सांगितलेले नसतात. त्याच ड्राइव्हवर ओढलं तर फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं तर नक्कल होते. एकच हालचाल, दोन परिणाम. कंट्रोल दाबून ओढलं तर कुठेही नक्कलच, शिफ्ट दाबून ओढलं तर कुठेही हलवणंच. हे लक्षात राहत नसेल तर उजवं बटण धरून ओढावं. सोडल्यावर छोटा मेनू विचारतो की नक्कल करू, हलवू, की शॉर्टकट बनवू. ‘फोल्डर आपोआप गायब झालं’ अशा तक्रारींत बऱ्याचदा घडलेलं असतं ते एवढंच: क्लिक करताना हात किंचित सरकला आणि फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडलं. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल-झेड, नाहीतर नावाने शोध.

आता कॉपीच्या खिडकीतला तो ‘उरलेला वेळ’. तो चार मिनिटं सांगतो, मग दोन तास, मग अकरा मिनिटं. त्याला खोटारडा म्हणतात, पण बिचारा आत्ताच्या वेगावरून पुढचा अंदाज बांधतो आणि वेगच ठिकाणावर नसतो. दोन जीबीची एकच फाइल सरळ वाहत जाते. तेवढाच ऐवज वीस हजार बारक्या फाइलींत असेल, तर प्रत्येकीसाठी नवी नोंद, नाव, तारखा, परवानग्या आणि वर अँटिव्हायरसची झडती. बाइट तेवढेच, कारकुनी वीस हजार पट. अशा फोल्डराची आधी झिप करावी, एकच फाइल न्यावी आणि तिकडे उघडावी. पेनड्राइव्हची आणखी एक गंमत. सुरुवातीला आलेख झोकात चढतो, कारण डेटा मेमरीत किंवा ड्राइव्हच्या वेगवान भागात जमा होत असतो. तो भरला की खरा वेग उघडा पडतो. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात ३० मिळाले तरी नशीब, आणि त्या हिशेबाने १० जीबीला पावणेसहा मिनिटं लागतात.

पेनड्राइव्हवर १५ जीबी मोकळे असतानाही ५ जीबीची फाइल ‘फार मोठी आहे’ म्हणून नाकारली जाते, तेव्हा दोष जागेचा नसतो. तो पेनड्राइव्ह फॅट३२ नावाच्या फाइल-मांडणीचा असतो, आणि त्या व्यवस्थेत एका फाइलचा आकार ४ जीबीच्या आतच राहावा लागतो. आतल्या फाइली दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत फॉरमॅट केला की अडचण संपते. विंडोज आणि मॅक दोघांनाही एक्सफॅट चालतं.

नावांचाही जाच आहे. विंडोजला फाइलच्या नावात विसर्ग-चिन्हासारखे दोन ठिपके, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, दोन्ही तिरप्या रेघा आणि लहान-मोठ्याची चिन्हं चालत नाहीत. लिनक्सवर कुणी नावात ‘१०:३० ची बैठक’ असं वेळेसकट लिहिलं असेल, तर ती फाइल विंडोजच्या दारात अडते. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असा पसारा असेल तर पूर्ण मार्गाची लांबी २६० अक्षरांची जुनी मर्यादा ओलांडते आणि नेमक्या सगळ्यात आतल्या फाइली मागे राहतात. उपाय साधा, वरच्या दोन-तीन फोल्डरांची नावं तोकडी करायची.

डेस्कटॉपवरून पेनड्राइव्हवर ‘फाइल’ घेऊन जाणाऱ्यांनी आयकॉनच्या कोपऱ्यातला छोटा बाण आधी पाहावा. बाण असेल तर तो शॉर्टकट आहे, जेमतेम एक-दोन केबीचा. सभागृहात सगळे खुर्च्यांवर बसल्यावर तो उघडायला जावं तर आत सापडतो फक्त घरच्या संगणकावरचा पत्ता.

त्याच नावाची फाइल तिथे आधीपासून असेल तर विंडोज तीन पर्याय पुढे करतं: बदला, सोडून द्या, तुलना करा. घाईत पहिलाच दाबला जातो. तिसरा घेतला तर दोन्हींच्या तारखा आणि आकार शेजारी दिसतात, आणि दोन्हींवर खूण केली तर दोन्ही राहतात. नव्या फाइलच्या नावापुढे कंसात आकडा लागतो. हे तीस सेकंद सत्कारणी लागतात, कारण वर दुसरी फाइल बसल्यामुळे गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. फोल्डरांच्या बाबतीत विंडोज सौम्य आहे, एकाच नावाची दोन फोल्डरं ते एकत्र मिसळतं. मॅकवर ‘रिप्लेस’ म्हटलं की जुनं फोल्डर आतल्या सगळ्या फाइलींसह जातं आणि त्या जागी नवं येतं. विंडोजवरून मॅकवर आलेल्यांना हा फरक कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

तारखांवरूनही डोकं फिरतं. विंडोजमध्ये नक्कल केली की तिची ‘निर्मिती’ आजची होते, ‘शेवटचा बदल’ मात्र जुनाच राहतो. मग फाइल जन्मण्याआधीच बदलली गेल्यासारखी दिसते. कार्यालयातल्या सामायिक ड्राइव्हवर परवानग्यांचा घोळ असतो. नक्कल केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते, पण त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्याच परवानग्या घेऊन येऊ शकते. सहकाऱ्याला फाइल दिसते, पण उघडत नाही. तिथे हलवण्यापेक्षा नक्कल करून मूळ पुसलेलं बरं.

कॉपी झाल्यावर तपासायचं ते असं. दोन्ही फोल्डरांवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायच्या, फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार जुळवायचा. ‘डिस्कवरचा आकार’ जुळला नाही तर घाबरायचं कारण नाही. डिस्क जागा ठरावीक तुकड्यांत वाटते. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत तुकडा सहसा ४ केबीचा, मोठ्या एक्सफॅट पेनड्राइव्हवर १२८ केबीचा. अशा पेनड्राइव्हवर चार-पाच केबीच्या हजार फाइली टाकल्या तर सव्वाशे एमबी खर्ची पडतात. मग ‘इजेक्ट’ करायचं, म्हणजे ड्राइव्ह सोडायला संगणकाला सांगायचं, आणि ड्राइव्ह काढून पुन्हा लावून एक-दोन फाइली उघडून पाहायच्या, कारण खिडकी बंद झाली तरी शेवटचे काही एमबी मेमरीतच रेंगाळलेले असू शकतात.

एवढं झाल्यावर सी ड्राइव्हवरचं मूळ फोल्डर पुसलं, आणि मोकळी जागा होती तेवढीच दिसतेय? पुसणं हेही त्याच ड्राइव्हवर हलवणंच आहे, रिसायकल बिन नावाच्या फोल्डरात. म्हणूनच ४० जीबी इतक्या चटकन पुसले गेले. बिन रिकामी केली की जागा मिळते. पेनड्राइव्हवरून पुसलेल्या फाइलीला मात्र हा थांबा सहसा नसतो, ती थेट जाते.