तापमानाचा काटा खोटे बोलतो तेव्हा

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचा तापमानाचा काटा चालता चालता अचानक शून्याजवळ पडू लागला आणि खड्ड्यातून गाडी गेली की पुन्हा जागेवर येऊ लागला. इंजिनाचे तापमान इतक्या झटक्याने बदलू शकत नाही, त्यामुळे दोष इंजिनात नसून मोजणीत असावा, असा माझा कयास होता. तरीही प्रथम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी पाहिली. कारण कूलंट कमी होऊन तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवती हवा साचली, तर इंजिन तापत असतानाही काटा खालीच राहू शकतो, आणि ही चूक फार महागात पडते. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

पातळी योग्य होती. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढले की ज्याचा विद्युतरोध घटतो असा थर्मिस्टर असतो. अनेक गाड्यांत तो २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास भरतो. म्हणूनच सेन्सरची तार तुटली की गाडीतील संगणकाला रोध अनंत दिसतो आणि तो इंजिन अतिशय थंड असल्याचे समजतो. माझा सेन्सर मल्टीमीटरवर, म्हणजे रोध मोजणाऱ्या उपकरणावर, थंड आणि गरम, दोन्ही वेळी बरोबर निघाला. जोडणीचा प्लग हलवताच मात्र काटा पडला. आत हिरवट गंज चढला होता. बॅटरी सोडवून तो स्वच्छ केला, सैल पिन घट्ट केली. सेन्सर आधीच बदलला असता, तर दोष तसाच राहिला असता.