८५ ची थरथर सापडली एकदाची! (व्ही-क्रॉस, एटी टायर, भाग ४)

माझ्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला एटी (ऑल-टेरेन, रस्ता-कच्चा दोन्हीकडं चालणारे) टायर टाकल्यापासून ताशी ८५ ला स्टिअरिंग थरथरायचं, गेले पाच आठवडे डोकं खाल्लं होतं त्या थरथरीनं. काल संध्याकाळी किणी टोलनाक्यापर्यंत दोनदा जाऊन आलो, ८०, ८५, ९०, ९५, सगळीकडे स्टिअरिंग गप्प. तिसऱ्यांदा पण जाणार होतो, उगीचच, पण घरातनं फोन आला की जेवायला येणार आहेस की टोलनाक्यावरच राहणार आहेस.

भाग ३ मध्ये लिहिलं होतं की ठरलं, कंपनीचे २५५/६० आर१८ काढून २६५/६० आर१८ एलटी (लाइट ट्रकचे, जाड बांधणीचे) टाकतोय, आणि त्यावर निम्म्या जणांनी बजावलं होतं की एलटी नको, रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडेल. उडते. मान्य. त्याचं खाली सांगतो. पण एलटी का घेतले ते परत एकदा सांगतो कारण तेच तेच विचारतात. माझं शेत शिरोळ तालुक्यात, काळी माती, आणि महिन्यातनं दोनदा तरी गगनबावडा उतरून कोकणात जाणं असतं, तिथं जांभा. काळ्या मातीला दगड नाहीत पण ती ट्रेड (टायरची नक्षी) भरून टाकते, जांभा ट्रेडला काही करत नाही पण साइडवॉल (टायरची बाजू) कापतो. मागच्या मे महिन्यात त्या जांभ्याच्याच एका कपरीनं जुन्या एचटीची (साध्या हायवे टायरची) साइडवॉल बोटभर चिरली होती, तो फोटो भाग १ मध्ये आहे. साइडवॉलला पंक्चर निघत नाही, टायर सरळ भंगारात. म्हणून यावेळी जाड साइडवॉल पाहिजेच होती, बाकी सगळं नंतर.

ब्रँडचं नाव यावेळी मुद्दाम लिहीत नाही. मागच्या वेळी जिओलँडर जी०१५, केओ२ आणि अप्टेरा एटी२ अशी तीन नावं लिहिली तर महिनाभर त्याच्यावरच भांडणं झाली आणि माझा साइजचा प्रश्न तसाच राहिला. माझं मत अजून तेच आहे, आपल्याकडे आधी साइज, मग लोड (किती वजन पेलतो), मग मिळतोय का, आणि मग ब्रँड. जून २०२० मध्ये टायरची आयात निर्बंधित यादीत गेली तेव्हापासून हवा तो पॅटर्न हव्या त्या साइजमध्ये आणि ताज्या तारखेचा मिळणं म्हणजे लग्नाचं स्थळ बघितल्यासारखं झालंय, एक जुळतं तर दुसरं नाही. एका दुकानात 'एकदम फ्रेश स्टॉक' म्हणून दाखवलेल्या टायरवर ३१२१ छापलेलं, म्हणजे २०२१ सालचा ३१वा आठवडा. फ्रेश! साइडवॉलवरचे ते शेवटचे चार आकडे स्वतः वाकून वाचा, दुकानदार मोबाईलवर फोटो पाठवतो त्याच्यावर जाऊ नका.

आणि तो तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकणाचा शिक्का आहे का म्हणून विचारणाऱ्यांनो, कोल्हापुरात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो.

आता थरथर.

चारही टायर चढवले, बॅलन्सिंग केलं, मशीनवर शून्य-शून्य दाखवलं, मी पण खूष. हायवेला लागलो, ८० पर्यंत लोणी, ८५ ला स्टिअरिंग थरथरायला लागलं, ९५ च्या पुढं परत शांत. अण्णा शेजारी बसलेले, म्हणाले, "एवढं पैसं घालून ही गाडी पिंपळाच्या पानागत का हलतीया रं?" मी म्हटलं नवीन टायर आहेत, बसतील हळूहळू. शंभर किलोमीटर झाले, दोनशे झाले, काही बसलं नाही.

मग परत बॅलन्सिंग. मग दुसऱ्या दुकानात बॅलन्सिंग. तिथं सांगितलं अलाइनमेंट करून घ्या. अहो, अलाइनमेंटनं गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेला खातात, ठराविक स्पीडला थरथरत नाही, हे मला कळतंय तर तुम्हाला का कळू नये? तरी केलं, कारण माणूस वैतागला की काहीपण करतो. पैसे गेले, थरथर तशीच. मग चारही चाकं खोलून हबचा गंज वायर ब्रशनं घासला, अलॉयच्या आतली वाळलेली माती खरवडली (ही खरंच बघा, काळ्या मातीचा शंभर-दीडशे ग्रॅमचा पोपडा आत चिकटून राहतो आणि आपण बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालतो), नट हातानं क्रॉसमध्ये आवळले. नाही.

इथं मला वाटायला लागलं की हे टायरचं नाहीच, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा) किंवा बेअरिंग. मग फोनमधलं कंपन मोजायचं अ‍ॅप आठवलं. २६५/६० आर१८ चा व्यास येतो ७७५ मिमी, परीघ २.४३ मीटरच्या आसपास. जीपीएसवर ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण सव्वादहा वेळा फिरणार. फोन डॅशवर दाबून चिकटवला, भावाला गाडी चालवायला बसवलं, ९० ला धरलं, आणि कंपनाचं टोक आलं सेकंदाला बरोब्बर दहाच्या जरा पुढं. शाफ्ट चाकाच्या तिपटी-चौपटीनं फिरतो, त्याचं टोक तीस-चाळीसला आलं असतं. म्हणजे चाकच. एका चक्कराला एक धक्का. हे कळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो बारावीच्या निकालाला झाला नव्हता, पण भाऊ म्हणाला हे तर मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

पुढचे चाक मागे, मागचे पुढे. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली. म्हणजे आधी पुढं होते त्या दोघांतला एक. परत पुढं आणले, आणि डाव्या जागी स्टेपनी लावली. स्टेपनीला जुन्या बाजारातून घेतलेला पाचवा अलॉय आहे, त्याच्यावर जुन्यातला त्यातल्या त्यात बरा २५५ एचटी. पुढच्या एक्सलला वेगळी साइज लावून ४एच (फोर बाय फोर) मध्ये अजिबात टाकायची नाही हे सगळ्यांना माहीत आहेच, टू-व्हीलवर जाऊन आलो. गुळगुळीत! म्हणजे चोर डावा.

आणि आता गंमत. त्या डाव्या चाकाला बॅलन्सिंगवाल्यानं चिकटवलेली वजनं मोजली, ११५ ग्रॅम. बाकी तिघांना तीस ते पंचेचाळीस. हे पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यासमोर चिकटवलं होतं त्यानं, पट्टीच्या पट्टी, आणि मी चहा पीत होतो.

तरी टायर खराब का रिम वाकडा हे कळेना. कंपनीला वॉरंटीचा मेल अर्धा लिहून ठेवला होता, बराच कडक होता. पाठवायच्या आधी शिवाजी उद्यमनगरमध्ये मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे तिथं गाडी घेऊन गेलो, म्हटलं डायल गेज (चाक किती वर-खाली होतंय ते सुईवर दाखवणारं) लावून एकदा आकडा काढू, मेलमध्ये आकडा असला की समोरच्याची बोलती बंद होते. गाडी जॅकवर, मॅग्नेटिक स्टँड खाली लोखंडी प्लेटवर, गेजचं टोक रिमच्या आतल्या कडेला. रिमचा फरक ०.३ मिमी. रिम चांगला. मग टायरवर. एटीचे ठोकळे असल्यामुळं सुई माकडासारखी उड्या मारते, म्हणून मधल्या पट्ट्यावर मास्किंग टेप गोल घट्ट गुंडाळला आणि हळूहळू फिरवलं. २.४ मिमी! एक-सव्वापर्यंत ठीक धरतात. म्हणजे चाक गोलच नाही, अंडं आहे. वजनं लावून अंड्याचा तोल साधता येतो, अंडं गोल होत नाही, म्हणून मशीन शून्य-शून्य दाखवतं आणि गाडी हलते.

मी विजयी मुद्रेनं मेलमध्ये २.४ टाइप करत होतो, तेवढ्यात लेथवरचे मिस्त्री हात पुसत आले, साठीचे असतील, त्यांनी चाक एकदा फिरवलं आणि उकिडवे बसले. "दादा, ही रेघ बघा की. हितं नख पण शिरंना, आणि तितं निम्मी करंगळी जातीया."

टायर जिथं रिममध्ये शिरतो त्याच्या जरा वर साइडवॉलवर एक बारीक उठावाची गोल रेघ असते, बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) बसला का नाही ते बघायलाच दिलेली. रिमच्या कडेपासून ती सगळीकडं सारख्या अंतरावर पाहिजे. माझ्या चाकात व्हॉल्व्हपाशी २ मिमी, आणि बरोब्बर समोर ५. पट्टी लावून मोजलं. म्हणजे चढवताना एका बाजूचा बीड पूर्ण वर आलाच नव्हता, अडकून बसला होता, आणि त्याच्यावर मी हजारभर किलोमीटर फिरलो. एलटीचा बीड जाड आणि ताठ, तो कोरड्या रिमवर सरकत नाही. आणि आमच्या टायरवाल्यानं साबणाचं पाणी लावलं होतं का, तर मला आठवतंय तो ब्रश फक्त बाहेरच्या बाजूनं फिरला होता, तोही पळत पळत. मेल डिलीट केला.

दुसऱ्या एका छोट्या दुकानात गेलो, तिथल्या पोराला समजावलं, हवा सगळी काढ, दोन्ही बाजूचा बीड सोडव, रिमची कड पूस, साबणाचं पाणी दोन्हीकडं भरपूर, व्हॉल्व्हची पिन काढून हवा भर. कुठलाही टायर बसवताना हवा ४० पीएसआयच्या वर न्यायची नसते, आणि तोंड जवळ न्यायचं नसतं. २० झाले, २८ झाले, आणि ३४ ला टक्... आणि दोन सेकंदांनी परत टक्! तो दुसरा टक् पहिल्या वेळी झालाच नव्हता. मी एवढ्या मोठ्यानं "झालं!" म्हणालो की रस्त्यावरचा वडापाववाला बघायला लागला. रेघ आता गोलाकार साडेतीन, डायल गेज ०.८, वजन ३५ ग्रॅम. मग किणी टोलनाका, ते वर सांगितलंच.

बाकीच्या तिघांच्या रेघा रात्री टॉर्च घेऊन तपासल्या. ठीक आहेत.

आता बैलगाडीचा विषय. एलटीवर ११९ लोड इंडेक्स (वजन पेलण्याचा क्रमांक) बघून लोक हरखतात, ११९ म्हणजे १३६० किलो खरं, पण ते ८० पीएसआयला. कमी हवेत तोच टायर बराच कमी वजन पेलतो, त्यामुळं दाराच्या स्टिकरवरचा हवेचा आकडा एलटीला जसाच्या तसा लागू नाही, आणि उलट जास्त हवा भरली की मागचे पाटे रिकाम्या गाडीला फेकतात. मी खडू टेस्ट केली. पोराच्या शाळेचा खडू, ट्रेडवर आडव्या जाड रेघा, सरळ डांबरी रस्त्यावर दोनशे मीटर, उतरून बघायचं. मधलाच खडू गेला तर हवा जास्त, कडेचाच गेला तर कमी. सहा-सात फेऱ्यांनंतर रिकामी असताना पुढं ३८, मागं ३४ ला सगळी रेघ सारखी पुसली. युरियाची दहा पोती टाकली (पोतं आता ४५ चं, म्हणजे साडेचारशे किलो) तर मागं ४८. हे माझ्या गाडीचे, माझ्या टायरचे आकडे, उचलून वापरू नका, खडू दहा रुपयाला मिळतो.

काळ्या मातीचं खरं सांगू का, पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बांधावरून गेलो, पहिले दहा फूट मस्त, मग लाडू. चारही चाकं लाडू. २२ ला हवा उतरवून बघितली, लाडू मोठा झाला फक्त. तिथं एमटी (खास चिखलाचा टायर) पण किती टिकेल शंका आहे, तिथं ट्रॅक्टरच. पण माती जरा सुकलेली असताना जिथं एचटी फिरत बसायचे तिथून हे शांतपणे निघतात. ओल्या डांबरावर मात्र एचटीपेक्षा ब्रेक लांब लागतो असं मला जाणवतंय, घाटात अंतर वाढवलंय.

अ‍ॅव्हरेज साडेबारावरून पावणेबारा. हे मीटरवरून नाही, टायर मोठा झाल्यामुळं ओडोमीटर १.६ टक्के कमी मोजतो, तेवढं गुणून घेतलंय. ते न गुणता "एटीनं दोनचा फटका बसला" म्हणून रडणारे बरेच आहेत. फटका बसतोच, एक टायर घरच्या काट्यावर जुन्यापेक्षा पाच किलो जड भरला, पण तेवढा नाही.

फुल लॉक मारून रिव्हर्सला डाव्या मडफ्लॅपला पुसटसं घासतं. मडफ्लॅप बोटभर कापणार होतो, पण आता हे लिहिता लिहिताच वाटतंय की हीट गननं मागं वाकवून बघू आधी, कापलेलं परत येत नाही.

आणि स्टेपनी. भाग ३ मध्ये मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पाचवा टायर म्हणजे पैशाची उधळण, जुना २५५ पुरे. शब्द मागे. या पाच आठवड्यांत ती स्टेपनी लावून फिरताना हिशोब केला, २६५ चा टायर एका किलोमीटरला ४१०-४११ चक्कर मारतो, २५५ चा मारतो ४१७. साडेसहा चक्करांचा फरक. हायवेला काही नाही, पण मला स्टेपनी लागणार कुठं, तर जांभ्यात नाहीतर चिखलात, जिथं ४एल (फोर बाय फोरचा हळू गिअर) टाकायची वेळ आलेली असते नेमकी. म्हणजे ज्या दिवशी फोर बाय फोर पाहिजे त्याच दिवशी ती वापरता येणार नाही. घेतोय पाचवा. पाचही फिरवायचे, दर आठ हजाराला.

आज सकाळी दुकानदाराला फोन केला, त्याच पॅटर्नचा एकच शिल्लक आहे म्हणाला. तारीख विचारली तर म्हणाला, "नवीनच आहे ओ." म्हटलं चार आकडे वाचून सांगा. थांबा बघतो म्हणाला, अजून बघतोय.